मुलगी, बाप आणि गरुड : ‘द ईगल हंट्रेस’ पुन्हा पाहताना

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘परंपरा’ हा शब्द जरा सढळ हाताने वापरला. कोण देतं, कोण घेतं, घेणाऱ्याला कुणी विचारतं का, हे प्रश्न त्या वेळी बाजूला राहिले. आज ते एका सिनेमाच्या निमित्ताने घेऊ. सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ओटो बेल या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘द ईगल हंट्रेस’, २०१६ सालचा. नसेल पाहिला तरी अडत नाही, गोष्ट सांगतो. आणि आधीच सांगून टाकतो की आम्हांला हा सिनेमा आवडतो. आवडत नसता तर त्याच्यावर तासभर बोलण्याचं कारण नव्हतं.

मंगोलियाच्या अगदी पश्चिमेला, अल्ताई पर्वताच्या अंगाला बायान-उल्गी नावाचा प्रांत आहे. देश मंगोलिया, पण इथली वस्ती मुख्यतः कझाक. भाषा कझाक, धर्म इस्लाम, धंदा गुरं-मेंढरं-घोडे राखण्याचा. हिवाळ्यात सोनेरी गरुड हातावर घेऊन, घोड्यावर बसून हे लोक कोल्ह्याची शिकार करतात. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी आणि अंगरखा ही तिथे हौस नाही; उणे चाळीसपर्यंत पारा उतरतो तिथे ती गरज आहे. गरुड राखणाऱ्याला ‘बुर्कितशी’ म्हणतात. बुर्कित म्हणजे गरुड.

आइशोल्पान ही तेरा वर्षांची मुलगी. आठवडाभर शाळेच्या वसतिगृहात राहते, सुट्टीला घरी येते. वडील नुर्गाइव नामांकित बुर्कितशी. मुलीला गरुड राखायचाय, वडील शिकवायला तयार आहेत. आजोबांचा आशीर्वाद घेतला जातो. मग ती कड्यावरच्या घरट्यातून स्वतः पिल्लू काढून आणते, त्याला शिकवते, उल्गीच्या गरुड-उत्सवात सत्तरेक पुरुष शिकाऱ्यांच्या बरोबरीने उतरते आणि जिंकते. तरी काही म्हातारे म्हणतात, उत्सव वेगळा, खरी शिकार वेगळी. तेव्हा बापलेक हिवाळ्यात डोंगरात जातात आणि बऱ्याच फसलेल्या प्रयत्नांनंतर कोल्हा मिळतो. सिनेमा संपतो.

इतकी सरळ गोष्ट आहे. सरळ गोष्टीचा आम्हांला नेहमी थोडा संशय येतो, हा आमच्या धंद्याचा दोष म्हणा.

सुरुवात मात्र फार चांगली आहे, तिथे जरा थांबू. सिनेमा मुलीपासून सुरूच होत नाही. नुर्गाइव आपला म्हातारा गरुड घेऊन डोंगरावर जातो. काही वर्षं पक्ष्याने माणसासाठी शिकार केली की त्याला रानात परत सोडायचं, अशी रीत आहे. त्याच्यासाठी मेंढी कापून ठेवली जाते, निरोपाचं जेवण. पक्षी आधी जायलाच तयार नसतो. आता बघा, ज्या परंपरेची सुरुवात पिल्लू पळवण्याने होते, तिचा शेवट सोडून देण्याने होतो. आपल्याकडे पाळीव बैलाला म्हातारपणी काय वाट्याला येतं ते आपण जाणतो. इथे मुदत ठरलेली आहे. घेतलेलं परत करायचंय, हे घेतानाच ठाऊक असतं. हे दिग्दर्शकाने कुणालाही न समजावता नुसतं दाखवलं, याबद्दल त्याला पूर्ण गुण.

दुसरा मोठा प्रसंग घरट्याचा. गरुडाचं पिल्लू केव्हा काढायचं याचं गणित नाजूक असतं. फार लहान असताना काढलं तर आईविना जगत नाही. उशीर झाला तर उडून जातं. मधे थोडेच दिवस मिळतात. मुलगी कंबरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरते, वर बाप दोर धरून. ती घरट्यापाशी पोचते, पिल्लावर कापड टाकते, गुंडाळते, वर पाठवते. आईगरुड आभाळात घिरट्या घालत असते. सिनेमा पाहणाऱ्याचा जीव मुलीत अडकलेला असतो, वर घिरट्या घालणाऱ्या आईकडे लक्ष जात नाही. आम्ही दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा गेलं.

दिग्दर्शकाने मुलाखतींतून सांगितलेली हकीकत अशी की तो पहिल्यांदा या कुटुंबाला भेटायला गेला त्याच दिवशी नुर्गाइव म्हणाला, आज आम्ही पिल्लू आणायला चाललोय, तुम्हांला चित्रित करायचंय का? म्हणजे सिनेमाचा सगळ्यांत थरारक प्रसंग ओळख होऊन काही तास होतात न होतात तोच चित्रित झाला. यावर काहींनी शंका घेतल्या, काय घडत होतं आणि काय घडवलं गेलं म्हणून. त्या वादात आम्ही शिरत नाही. माहितीपट म्हटला की कॅमेऱ्यासमोर माणूस थोडा वेगळा वागतो, हे गृहीतच धरायचं. आमचा आक्षेप निराळ्या जागी आहे.

तो असा. सिनेमात मधे एक तुकडा येतो. म्हातारे बुर्कितशी एकामागून एक कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. बायका नाजूक असतात, त्यांना थंडी सोसत नाही, त्यांचं काम घरात. वाक्यं झटपट कापलेली आहेत, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं. प्रेक्षागृहात इथे हशा पिकतो. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर विचार केला की या माणसांना प्रश्न काय विचारला होता? तो कुणी विचारला? आणि उत्सवात या मुलीला गुण देणारे कोण होते? तेही त्याच समाजातले जाणते. ज्या समाजाच्या परीक्षकांनी तेरा वर्षांच्या मुलीला पहिला क्रमांक दिला, तोच समाज तिच्या वाटेतला धोंडा म्हणून दाखवायचा, तर मधे काहीतरी समजावून सांगायला हवं होतं. ते नाही. कारण गोष्टीला खलनायक हवा होता, आणि डोंगराळ मुलखातल्या म्हाताऱ्या मुसलमान पुरुषाइतका तयार खलनायक पाश्चात्त्य प्रेक्षकाला दुसरा कुठे मिळणार?

ही टीका आमची एकट्याची नाही. एड्रिएन मेयर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी प्राचीन जगातल्या लढवय्या स्त्रियांवर मोठं काम केलंय. त्यांनी हा सिनेमा आला त्याच वर्षी दाखवून दिलं की गरुड राखणाऱ्या स्त्रिया या भागात पूर्वीही होत्या आणि आजही आहेत. कझाकस्तानात माकपाल अब्द्राझाकोवा हिने आइशोल्पानच्या आधी कितीतरी वर्षं जाहीर स्पर्धांत गरुड उडवला होता. तिलाही शिकवलं कुणी? वडिलांनीच. सिनेमाचं निवेदन तसं सावध आहे, ते म्हणतं की या कुटुंबाच्या बारा पिढ्यांतली ही पहिली मुलगी. पण जाहिराती आणि बातम्या ‘पहिली स्त्री’ म्हणूनच धावत सुटल्या, आणि सिनेमाने त्यांना फारसं थांबवलं नाही. ‘पहिली’ या शब्दात एक मेख असते. एकीला पहिली ठरवायचं म्हणजे तिच्या आधीच्या सगळ्यांना पुसायचं. मुलींचा गौरव करायला निघालेला सिनेमा नकळत मुलींनाच पुसतो. हे आम्हांला जास्त बोचलं.

आणि उत्सवाचंही एक सांगायला हवं. हा गरुड-उत्सव काही प्राचीन नव्हे. गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस तो सुरू झाला, पर्यटकांना समोर ठेवून. गरुडाने शिकार करणं जुनं आहे, मंगोलियासह अनेक देशांच्या नावाने २०१० साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही ही कला गेली. पण मैदान, परीक्षक, सेकंदांची मोजणी, हे नवं. तेव्हा म्हातारे जेव्हा म्हणतात की उत्सव म्हणजे शिकार नव्हे, तेव्हा ते नुसतेच कुरकुरत नसतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सिनेमा ते तथ्य मान्यही करतो, म्हणून तर शेवटी मुलीला बर्फात नेतो. पण मान्य केल्याचं सांगत मात्र नाही.

थोडं विषयांतर करतो. ‘बाईला शिकारीचा मान कशाला’ म्हणून कुरकुरणारे पुरुष हे पात्र फार जुनं आहे. ग्रीकांची आटलांटा ठाऊक असेल. बापाला मुलगा हवा होता, मुलगी झाली म्हणून त्याने तिला रानात टाकून दिलं. अस्वलीने दूध पाजलं, ती शिकारीण झाली. कॅलिडॉनच्या माजलेल्या रानडुकराला पहिला बाण तिचा लागला. मेलीएगरने डुक्कर मारल्यावर कातडं तिला दिलं, तर त्याच्या मामांनी ते हिसकावून घेतलं. बाईला कसलं कातडं! त्यावरून खून पडले. ओव्हिडने ही गोष्ट रंगवून सांगितली आहे. आता गंमत पुढेच आहे. आटलांटा नावारूपाला आल्यावर टाकून देणारा बाप परत भेटतो, तिला घरात घेतो, आणि पहिलं काम काय करतो, तर लग्नाचा आग्रह.

याच्या अगदी उलट चित्र कॅलिमाकस या अलेक्झांड्रियाच्या कवीने काढलंय, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. त्याची आर्टेमिस, म्हणजे शिकारीची देवता, अजून लहान पोर आहे. बापाच्या, झ्यूसच्या मांडीवर बसून ती मागण्यांची यादी वाचते. धनुष्यबाण दे, डोंगर दे, बरोबर सख्या दे, लग्न नको. बापाच्या दाढीला हात लावायला जाते, हात पुरत नाही. बाप हसतो आणि मागितलं त्याहून जास्त देतो. आपण आइशोल्पानची गोष्ट पाहताना सुखावतो ते याच चित्रामुळे. लेकीने मागावं आणि बापाने हसत द्यावं.

पण इथे एक प्रश्न तसाच राहतो. मागणं कुठून येतं?

या सिनेमाच्या आधीची एक हकीकत आहे. आशेर स्विडेन्स्की नावाचा इस्रायली छायाचित्रकार या भागात गरुड शिकणाऱ्या पोरांचे फोटो काढत होता. त्याला मुलीचाही फोटो हवा होता. त्याला आइशोल्पान सापडली. तिचे ते फोटो २०१४ च्या एप्रिलमध्ये बीबीसीने छापले, ते जगभर गेले, ते पाहूनच ओटो बेल तिथे पोचला. त्या छायाचित्रकाराने वडिलांशी झालेलं बोलणं लिहून ठेवलंय. त्याचा आशय असा, की माझा थोरला मुलगा ही विद्या पुढे नेणार होता, पण तो सैन्यात गेला, आता अधिकारी झाला, तो काही परत येत नाही. मुलीला शिकवावं असं माझ्या मनात बरेच दिवस आहे. पण तिने स्वतः विचारल्याशिवाय मी ते करणार नाही.

हे आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, वा! किती समंजस बाप! मुलीवर लादत नाही, तिच्या इच्छेची वाट बघतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात स्वायत्ततेचं उदाहरण म्हणून द्यावं असं. मग हळूहळू दोन गोष्टी खुपायला लागल्या.

पहिली ही, की थोरला मुलगा सैन्यात गेला नसता तर? आपल्या धर्मशास्त्रात याला नाव आहे: पुत्रिका. मुलगा नसलेल्या बापाने मुलीलाच मुलाच्या जागी नेमायचं, तिचा मुलगा आपला वारस धरायचा. मनुस्मृतीत याची तरतूद आहे. महाभारतातली चित्रांगदा हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. मणिपूरचा चित्रवाहन अर्जुनाला सांगतो, हिला मी पुत्रच मानतो, हिचा मुलगा माझ्या कुळाचा. तिथे चित्रांगदेला काय वाटलं, हे कुणी विचारत नाही. आपल्याकडे आजही बाप कौतुकाने म्हणतो, ‘मुलगी कसली, मुलगाच आहे माझा!’ समोर बसलेल्यांपैकी किती जणींनी हे वाक्य ऐकलंय ते हात वर करून सांगायला नको, चेहऱ्यावरूनच कळतंय. हे कौतुकच असतं, खोटं नसतं. पण त्यात मुलीला तिची स्वतःची जागा मिळत नाही, रिकामी पडलेली जागा मिळते.

नुर्गाइवला आम्ही या रांगेत बसवत नाही. सिनेमात बापलेकीचं जे वागणं दिसतं ते वारस नेमण्याच्या पलीकडचं आहे. तिच्या चुकांवर तो ओरडत नाही, उगाच वाहवाही करत नाही. हात कसा धरायचा, पक्ष्याला कशी हाक घालायची, कोल्ह्याचं कातडं दोरीला बांधून घोड्यामागे कसं ओढायचं, हे सगळं तो करून दाखवतो आणि बाजूला होतो. चांगला शिक्षक असाच असतो. चाळीस वर्षं फळ्यासमोर काढल्यावर एवढं कळतं. पण सिनेमाने त्या थोरल्या भावाची गोष्ट ठळक मांडली असती, तर बापाचं मोठेपण कमी झालं नसतं, उलट समजलं असतं. माणूस अडचणीतून उदार होतो, त्यात कमीपणा काय?

दुसरी गोष्ट जास्त अवघड. ‘तिने विचारलं तर’ यातला ‘तर’.

इथे आम्हांला घरचं सांगावं लागेल. आमचं गाव कोकणात, डोंगराच्या पायथ्याला. वडिलांकडे पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती. १९६० च्या आसपासचा काळ, रानडुकरांचा त्रास फार. वरचेवर गावची पारध निघायची. हाकारे एका अंगाने रान उठवत यायचे, बंदूकवाले वाटा धरून बसायचे, आणि डुक्कर पडलं की मांसाचे वाटे व्हायचे, हाकाऱ्याचा, बंदुकीचा, जमिनीच्या मालकाचा. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि हे सगळं थांबलं, थांबायला हवंच होतं. सांगायचं ते वेगळंच. आम्ही दहा वर्षांचे झालो तसं वडिलांनी पहाटे चारला हलवून उठवलं. ‘चल’ म्हणाले. बस, तेवढंच. ‘येतोस का’ असं विचारलं नाही. आम्हांला यायचं होतं का, हे आजही सांगता येणार नाही, कारण तो प्रश्न आमच्यापुढे आलाच नाही. थंडी होती, भीती वाटत होती, आणि अभिमानही वाटत होता. पुढे आम्ही शिकारी झालो नाही, पुस्तकांत गेलो. पण त्या रानातून वडिलांच्या मागून चालणं अजून पायांत आहे.

आमची बहीण आमच्याहून दोन वर्षांनी धाकटी. हा सिनेमा आम्ही तिच्याबरोबर पाहिला. संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दादा, तुला उठवायचे तेव्हा मी जागी असायचे.”

आम्ही म्हटलं, “मग सांगायचं ना बाबांना, मलाही न्या म्हणून.”

ती म्हणाली, “तू सांगितलं होतंस?”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मुलाला मागावं लागत नाही, त्याला पहाटे उठवतात. मुलीने मागायचं असतं. आणि मागण्यासाठी आधी हे ठाऊक असावं लागतं, की ही गोष्ट आपल्यासाठी असू शकते. आइशोल्पान लहानपणापासून बापाच्या गरुडाभोवती वावरली, तिला ते ठाऊक होतं. शिवाय परक्या देशाचा एक छायाचित्रकार येऊन बापाला विचारून गेला, मुलीला शिकवाल का म्हणून. मुलीने विचारलं असेल, नक्की विचारलं असेल. पण विचारता येईल अशी हवा आधी तयार झाली होती. आमच्या घरात ती नव्हती. वडील वाईट नव्हते हो. तिच्या वेणीला रिबन आणायचे, तिला शाळेत घातलं ते त्यांनीच, गावातल्या चारचौघांशी वाद घालून. पण पारधीला ती येऊ शकते हा विचार त्यांच्या मनात शिरायला दारच नव्हतं. आणि तिच्या मनातून तो बाहेर पडायलाही नव्हतं.

म्हणून बापाची संमती, मुलीची संमती या शब्दांवर आपण जितका भार टाकतो तितका ते पेलत नाहीत, असं आम्हांला वाटतं. अॅरिस्टॉटल म्हणतो तशी सवय आधी येते, निवड मागून. मूल आधी बोट धरून चालतं, आणि मग पुष्कळ वर्षांनी त्याला कळतं की हे आपल्याला हवं होतं किंवा नको होतं. बापाने वाट पाहणं हे मुलीच्या स्वातंत्र्याचा मान ठेवणं आहे, हे खरं. पण मुलाच्या बाबतीत त्याने वाट पाहिली होती का, हा प्रश्न सिनेमाने विचारायला हवा होता. दोघांनाही उठवा किंवा दोघांचीही वाट बघा.

आता पक्ष्याकडे येऊ, कारण या गोष्टीत न विचारलेला आणखी एक जीव आहे. एक तपशील फार सुंदर आहे आणि सिनेमा त्याच्यावर रेंगाळत नाही. शिकारीसाठी गरुडाची मादी राखतात. ती नरापेक्षा मोठी, सहा किलोच्या आसपास भरते, आणि जास्त तापट. म्हणजे पुरुषांची म्हणून सांगितलेली ही विद्या मुळात मादीच्या पंखांवर चालते. हाताखाली लाकडी आधार घ्यावा लागतो, खोगिरात रोवलेला, त्याला ‘बाल्दाक’ म्हणतात. डोळ्यांवर चामड्याची टोपी, ‘तोमागा’. ती काढली की पक्ष्याला जग दिसतं.

सिनेमा या पक्ष्याचं आणि मुलीचं नातं मैत्रीचं म्हणून दाखवतो. ती त्याला गोंजारते, त्याच्याशी बोलते. ते खरंही असेल. पण पक्षी राखणाऱ्याला विचारा, तो सांगेल की सगळं शिक्षण भुकेवर चालतं. पोट भरलेला गरुड परत येत नाही. फार उपाशी ठेवला तर उडत नाही. नेमकी किती भूक ठेवायची, हे जाणणं म्हणजेच ती विद्या. आपल्याकडेही हे शास्त्र होतं. कल्याणीच्या चालुक्यांच्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोद आहे. पुढे कुमाऊंच्या रुद्रदेवाचं ‘श्यैनिकशास्त्र’ तर मुख्यतः ससाण्यांवरच, त्यांचं खाणं, दुखणं, औषध, सगळं काही. त्या जुन्या लेखकांना पक्ष्यावर प्रेम करताना त्याची भूक लपवावीशी वाटली नाही. सिनेमाला वाटली. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात एका जिवाची भूक दिली आहे, ती मोजायला तिला शिकवलं जातंय. बापाने मुलीला दिलेली खरी जोखमीची वस्तू ही आहे, आणि ती पडद्यावर जवळजवळ दिसत नाही.

तसंच मारण्याचं. स्पेनच्या ओर्तेगा गासेतने १९४२ च्या सुमारास एका सरदार मित्राच्या शिकारीवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली, तीच पुढे स्वतंत्र पुस्तक होऊन गाजली. त्याचं म्हणणं असं, की मृत्यू हा शिकाऱ्याचा हेतू नसेल, पण तो वगळला तर मागे उरतं ते नाटक. पटो न पटो, विचार करायला लावणारं आहे. या सिनेमाचा शेवटचा भाग बर्फातल्या शिकारीचा. घोडे पोटापर्यंत रुततात, गरुड झेपावतो, चुकतो, पुन्हा झेपावतो. कोल्हा सोपा प्राणी नाही, तो उलटतो, चावतो. इथे मुलीच्या चेहऱ्यावर जरा थांबायला हवं होतं, असं आम्हांला वाटतं. पहिल्यांदा जीव जाताना पाहणाऱ्या मुलीच्या मनात काय होतं? कदाचित काहीच विशेष नाही. मेंढपाळाच्या घरची मुलगी आहे, मेंढी कापताना तिने शंभरदा पाहिलंय. तेही कळलं असतं तर आपल्या शहरी हळवेपणाला उत्तर मिळालं असतं. पण सिनेमाला विजय हवा होता, आणि विजयावर गाणं हवं होतं. सिया या गायिकेचं गाणं आहे, मुलीला सांगणारं की तुला काहीही जमेल. गाणं चांगलं आहे. पण अल्ताईच्या थंडीत ते जरा जास्तच गरम वाटतं.

कुणी म्हणेल, प्राध्यापक, तुम्ही लहान मुलांसाठीच्या आनंदी सिनेमाकडून फार मागताय. असेल. पण ज्यांच्यावर सिनेमा काढलाय ती माणसं आनंदी सिनेमापेक्षा मोठी आहेत, हे सिनेमातच दिसतं, म्हणून मागतोय. ती मुलगी कड्यावर जाण्याआधी नखं रंगवते. मोठेपणी डॉक्टर व्हायचंय म्हणते. वसतिगृहातल्या मैत्रिणींशी खिदळते. या सगळ्यांत कुठेही ती ‘पहिली’ नाही, एक मुलगी आहे, आणि तिथे सिनेमा फार चांगला आहे. आणि तिची आई! ती पडद्यावर थोडी दिसते, फार बोलत नाही. मुलगी बापामागे डोंगरात गेल्यावर घरचं तिच्या वाट्याचं काम कुणी केलं असेल, हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही.

बहिणीच्या आग्रहावरून आम्ही हा सिनेमा मागच्या महिन्यात पुन्हा लावला. ती घरट्याच्या प्रसंगाला म्हणाली, मागे घे. घेतला. पुन्हा म्हणाली, मागे घे. आम्हांला वाटलं, मुलीचा धीटपणा बघतेय. तर म्हणाली, मुलीला नाही रे, वर दोर धरलेल्या त्या माणसाला बघायचंय. त्याचा चेहरा नीट दाखवलाच नाही. तीन वेळा मागे घेतलं, पण तो तेवढाच दिसतो, दोरावरचे हात आणि अर्धी पाठ.

वेळ झाली. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत मघापासून एक हात वर आहे, तिथून सुरुवात करू.